आईचा गुडघा प्रक्रियेत आहे

ती. मामा,

साष्टांग नमस्कार घालायची फार इच्छा आहे, पण परवापासून कंबर धरली आहे (कारण पुढे येईल), तेव्हा हा नमस्कार उभ्याउभ्या केलेला आहे असं समजून गोड मानून घ्यावा. तुमची तब्येत कशी आहे? नवी कवळी बसली का? ती बोलताना पुढे येते असं तुम्ही लिहिलं होतं, आणि त्यावर मामींनी कमी बोलण्याचा उपाय सुचवला हेही त्यांच्याच पत्रातून कळलं. रक्तदाबाची गोळी विसरत नसालच. मी इकडे सुखरूप आहे, म्हणजे हातपाय जागेवर आहेत. बाकी माझं तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही सगळी नोकरी अग्निशमन दलात काढलीत, पेटत्या घरांत शिरून माणसं बाहेर आणलीत, आणि तुमचा सख्खा भाचा गॅस पेटवताना काडी हातभर लांब धरून तोंड फिरवतो. लहानपणी तुम्ही मला ‘सशा’ म्हणायला लागलात, ते नाव मी आजवर इमानाने सांभाळलं आहे. असो. हे पत्र काही मागण्यासाठी नाही, सहज लिहितो आहे.

तू नक्की करतोस तरी काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत अस्तर असतं, त्याला कूर्चा म्हणतात. ते एकदा झिजलं की शरीर पुन्हा नीट बनवून देत नाही. ते प्रयोगशाळेत वाढवता येईल का, यामागे तीन देशांतल्या तीन प्रयोगशाळा हात धुऊन लागल्या आहेत. आम्ही जेलीसारख्या एका पदार्थाची बारीक जाळी बनवतो, दुसऱ्या देशातली मंडळी त्या जाळीत जिवंत पेशी सोडून त्या वाढवतात, आणि तिसऱ्या देशातली मंडळी आम्हा दोघांच्या चुका काढतात (हे काम त्यांना अगदी मनापासून जमतं). दर आठवड्याला तिघांची पडद्यावर बैठक होते. आमचं आणि त्यांचं घड्याळ जुळत नसल्यामुळे ती मी घरूनच, जेवणाच्या टेबलावर बसून उरकतो, आणि मागच्या खुर्चीत आई भाजी निवडत असते. तिला ती भाषा कळत नाही, पण बैठक संपेपर्यंत ती उठतही नाही.

त्या लोकांची एक पद्धत आहे. बैठकीत आधी प्रत्येकाने या आठवड्यात काय फसलं ते सांगायचं. पेशी मेल्या, जाळी फाटली, बाटली उलटी झाली, हे सगळं ती माणसं बढती मिळाल्यासारख्या चेहऱ्याने सांगतात, आणि बाकीचे वहीत टिपून घेतात. आमच्याकडे ‘फसलं’ हा शब्द उच्चारायचीच सोय नाही. आमचे विभागप्रमुख कुठल्याही संकटाला ‘प्रक्रियेत आहे’ म्हणतात. जाळी विरघळली तर ती प्रक्रियेत आहे, शीतकपाट बंद पडून आतलं सगळं नासलं तरी तेही प्रक्रियेत आहे (म्हणून त्यांच्या पाठीमागे त्यांना आम्ही प्रक्रियासाहेब म्हणतो, आणि समोर आले की घाम पुसतो). त्यांच्या हाताखाली राहून मलाही तेवढंच बोलता येतं. माझी पाळी आली की मी घसा साफ करतो, प्रक्रियेत आहे म्हणतो, आणि पाणी पितो.

आता ज्याने माझी झोप उडवली आहे ते लिहितो. आईचा उजवा गुडघा पार गेला आहे आणि शस्त्रक्रियेची तारीख तिने दोनदा परत केली, एवढं तुम्हाला माहीत आहे. ती का परत केली, हे मी कळू दिलं नव्हतं. कारण मी आहे. शल्यविशारदांना तिने तोंडावर सांगितलं, की मला तो लोखंडी गुडघा नको, माझा मुलगा आणि त्याचे परदेशातले मित्र माझ्यासाठी खराखुरा गुडघा वाढवताहेत. त्यांनी माझं अभिनंदन केलं. तेव्हापासून इस्पितळात (आमची प्रयोगशाळा त्याच आवारात आहे) ते समोरून येताना दिसले की मी धुवायच्या चादरींच्या ढकलगाडीमागे जातो. मामा, आमची कूर्चा आजच्या घडीला हरभऱ्याच्या डाळीएवढी आहे. सगळं सुरळीत पार पडलं तरी ती माणसाच्या गुडघ्यात जायला पंधरावीस वर्षं लागतील, आणि आईने सत्तरी ओलांडली आहे. ती आता खाली उतरतच नाही, दोरीला पिशवी बांधून खिडकीतून सोडते आणि भाजीवाल्याशी वरूनच भांडते. तेही चाललं असतं, पण गेल्या महिन्यात तिला जिन्यातून उतरायची हुक्की आली, वळणावर पाय लटपटला, आणि शेजारीण वर येईपर्यंत ती तिथेच पायरीवर बसून राहिली. मला म्हणाली, जरा वारा खात बसले होते. त्या जिन्यात वारा येत नाही. तेव्हापासून मी कामावर असताना फोन वाजला की तो आधी दुसऱ्याला उचलायला लावतो. ती एकटी असताना पुन्हा पडेल, या भीतीने मी घरी फोन करतो, आणि ती फोन उचलायला घाईने उठताना पडेल, या भीतीने दुसऱ्या घंटेला तो ठेवून देतो.

तिला सरळ सांगायचं, आई, माझ्याच्याने होणार नाही, तू शस्त्रक्रिया करून घे. दोन वाक्यं आहेत. मी ती आरशासमोर म्हणून पाहिली आणि आरशासमोरही त त प प झालं.

तशात दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई स्वतः आमच्याकडे आल्या. त्या इतक्या उंच आहेत की आमच्याकडे सगळे त्यांना शिडीबाई म्हणतात. त्या येणार म्हणून साहेबांनी भिंतीवरची ओल झाकायला आम्हाला कपाटं सरकवायला लावली (कंबरेचं कारण ते हे). बाईंनी आमच्या जाळीत त्यांच्या पेशी वाढवलेली एक चकती उबदार डब्यात घालून, विमानात मांडीवर धरून आणली होती. आमच्याकडे एक यंत्र आहे, ते अशा चकतीवर हलकासा दाब देतं आणि सोडतं, देतं आणि सोडतं, माणूस चालताना गुडघ्यावर पडतो तसा. चकती त्या यंत्रात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या हाताला असा कंप सुटला की साहेब बाईंना म्हणाले, हे मिश्रण ढवळण्याचं तंत्र आहे. चकती एकदाची बसली, यंत्र चालू झालं, आणि दुपारपर्यंत ती बाजूने अशी पसरली की चिमट्याने उचलावी तर दोन तुकडे. साहेब प्रक्रिया म्हणण्यासाठी तोंड उघडत होते, तेवढ्यात शिडीबाईंनी आनंदाने फळ्यावर जाड अक्षरात ‘फसलं’ असं त्यांच्या भाषेत लिहिलं, माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, तुझ्या मते कुठे फसलं? जाळी त्या दाबाला कच्ची पडते हे मला माहीत होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, प्रक्रियेत आहे. बाईंनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

तिथून निघताना त्या म्हणाल्या, तुझ्या घरी येते, बैठकीत मागे खुर्चीत बसलेल्या बाईंना मला भेटायचंय. नाही म्हणायची माझी छाती नाही. आईने नवी चादर घातली, चहा झाला, आणि पहिल्या घोटालाच ती मला म्हणाली, “हिला विचार, माझा गुडघा कधी तयार होणार?”

मामा, मी बाईंना विचारलं, आई विचारतेय प्रवास कसा झाला. त्यांनी भरपूर सांगितलं, पुढची खुर्ची किती जवळ होती, पाय कसे अवघडले, आणि सांगतासांगता स्वतःच्या गुडघ्यावर चारदा हात मारला. आई जिवाचा कान करून ऐकत होती. काय म्हणाली, असं तिने विचारलं. मी म्हणालो, प्रक्रियेत आहे म्हणतात. आई म्हणाली, एवढं मोठं बोलली ती, आणि तू दोन शब्दांत गुंडाळलंस? मग माझा नाद सोडून तिने दोन्ही हातांनी आपला गुडघा धरला, बाईंकडे पाहिलं आणि हात उलटा करून ‘कधी?’ अशी खूण केली.

ती खूण कुठल्याही देशात कळली असती. शिडीबाईंनी चहा खाली ठेवला आणि स्वतःच्या विजारीचा पाय वर दुमडत नेला. गुडघ्यावरून खाली सरळ रेषेत टाक्यांची जुनी खूण. त्यांनी बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. जगभर नैसर्गिक कूर्चेवर व्याख्यानं देणारी बाई स्वतः धातूच्या गुडघ्यावर हिंडते आहे, आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही (पडद्यावर माणूस छातीपर्यंतच असतो). त्यांनी आईचा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला, पाय वाकवला, सरळ केला. मग उठून जिना खाली उतरल्या आणि पुन्हा वर आल्या. आई दाराची चौकट धरून त्यांचे पाय बघत होती. आपलीच कूर्चा तयार होईपर्यंत का नाही थांबलात, हे मी न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, “मला तेव्हा चालायचं होतं.”

आईने विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, चहा छान झालाय म्हणतात.

त्या गेल्यापासून आई गप्प आहे. रागावली तरी मला झेपतं, पण ही शांतता झेपत नाही. तिची आशा माझ्या डोळ्यांदेखत गेली असं वाटतं, आणि ती घालवायलाही मला पाहुणीच लागली. तेव्हा काही मागणार नव्हतो तरी मागतो. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. तिला एक कडक पत्र लिहा, की पोराच्या नादी लागू नकोस, त्याच्या हातून हे तुझ्या हयातीत व्हायचं नाही, मुकाट्याने शस्त्रक्रिया करून घे. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका.

मामींना नमस्कार. कवळी घट्ट बसवून घ्या.

आपला भित्रा भाचा,
सशा

ता. क. – पाकीट आणायला खाली गेलो होतो. परत आलो तर आई चष्मा लावून टेबलाशी, आणि हे पत्र तिच्या हातात. ती म्हणाली, “गुडघा होणार नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मला भाषा कळत नाही, पण दर आठवड्याला तुझा आवाज खालीखाली जात होता, तो कळत होता.” मग थांबलीस कशाला, असं मी विचारलं. म्हणाली, “मी तो लोखंडी गुडघा बसवून घेतला असता, तर तुला वाटलं असतं, आईनेच आशा सोडली. तू काम टाकून दिलं असतंस.” मामा, मी रडलो. म्हणजे ती जिन्यात पडली ती माझ्यापायी. त्यावर ती एवढंच म्हणाली, की चल, इस्पितळात फोन लावून दे. सोमवारची तारीख मिळाली आहे.

ता. क. २ – तेव्हा ते कडक पत्र लिहू नका. स्वतः या. आईसाठी नाही, ती काल गुणगुणत बॅग भरत होती, तिला भीती शिवलेलीही नाही. तिला आत नेतील, झोपेचं औषध देतील, पण मी बाहेर पूर्ण जागा असणार आहे. दार बंद झाल्यावर त्या बाकावर एकटं बसणं मला जमणार नाही. तुम्ही नुसते शेजारी बसा, बोलू नका (कवळीलाही बरं). एवढी एकच गोष्ट मागण्यासाठी हे सगळं लिहिलं असावं, असं आता वाटतं. आईला मात्र हे कळू देऊ नका, ती उगाच माझी काळजी करत आत जाईल.

ता. क. ३ – दादा, पाकीट मी चिकटवते आहे, तो बाहेर गेलाय, म्हणून माझ्या हाताने दोन ओळी. सोमवारी नको, रविवारीच ये. मला फार भीती वाटतेय रे. त्याच्यासमोर गुणगुणून गुणगुणून घसा बसला. आधी थोडा वेळ माझ्याजवळ बस, मग बाहेर त्याच्याजवळ जा. त्याला सांगू नकोस.