छायाकल्प ग्रहण आणि आईची शाल

रविवार, १२ तारीख, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तू पाठवलेली डोळ्यांच्या थेंबांची तिसरी बाटलीही मिळाली. मंगळवारी माझ्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहेस, तेही कळलं. भाऊजींना गुडघ्याचा पट्टा नीट बसला ना?

काल संध्याकाळी आमच्या गच्चीवर गंमतच झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त भूगोल मास्तरांनी छायाकल्प चंद्रग्रहण बघायला अख्खी इमारत गोळा केली. यात म्हणे चंद्राचा तुकडा पडल्यासारखा दिसत नाही. पृथ्वीच्या विरळ सावलीत एक कड जराशी मळकट होते, एवढंच. त्यात समोरच्या दुकानांचे दिवे थेट डोळ्यांवर! अर्धा तास सगळे माना वर करून उभे. शेवटी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मास्तर, ग्रहण पुढे ढकललं की काय?" मास्तर बिचारे एवढेसे झाले.

मला मात्र दिसत होतं, ताई. वरची डावी कड. नव्या पांढऱ्या कापडाशेजारी वापरलेलं पांढरं ठेवावं, तेवढाच फरक. मी सांगितलं, तशी मास्तरांनी दुर्बीण लावली आणि ओरडलेच, "अगदी बरोबर! काय नजर आहे हो तुमची!" मग एकेकाला दिसायला लागलं. सगळे माझं कौतुक करत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. वीस वर्षं रफूचं दुकान चालवतेय मी. आईच्या राखाडी शालीत तो निळसर दोरा चुकून गेला नाही. मी निवडून घातला.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. तिचं सगळं मी केलं, आणि शाल तिने तुला दिली. कसरीने खाल्लेली ती शाल तू माझ्याचकडे रफूला पाठवलीस, तेव्हा डोकंच फिरलं माझं. तो निळा दोरा बघून तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. पण तू म्हणालीस, "अगं, डोळे थकले तुझे," आणि माझ्याच काळजीला लागलीस. मीही गप्प बसले. तीन महिने धडधाकट डोळ्यांत थेंब घालतेय गं!

डॉक्टरांची वेळ रद्द कर. मंगळवारी मी तुझ्याकडेच येते, राखाडी दोरे घेऊन. शाल माझ्या हातात द्यायची की नाही, ते तू ठरव. नाही दिलीस तरी मी काही बोलणार नाही.

तुझी,
चांगल्या नजरेची, खोटारडी धाकटी