चिलापीचं नाव

प्रिय मयुरी,

परवा तू फोनवर विचारलंस, चिलापी हे नाव कुठून आलं, आणि मी काही न बोलता फोन ठेवला. तुझ्या कॉलेजच्या अभ्यासाला हवं आहे ना, तर घे. मोबाइलवर लिहिणं मला जमत नाही, म्हणून हा कागद.

मासेमारी खात्याचा साहेब जीपमधून डब्यांत बोटभर पिल्लं घेऊन धरणावर आला, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. मासा परदेशातला, नावही तिकडचंच, तिलापिया. आपल्या भोयांच्या जिभेला ते कुठलं पेलतंय? कोणी टिल्लापी म्हणे, कोणी टिपली, आणि बठ्ठे पोट धरून हसत. शेवटी तुझा आजा, माझा बाप झुलाल, वैतागून म्हणाला, "हाई आपली चिलापी शे." आठवड्याभरात धरणगावच्या बाजारात तेच नाव चाललं. इतर गावांत कोणी ठेवलं, देव जाणे, पण म्हातारा मरेपर्यंत मिशीला पीळ देऊन सांगायचा की नाव माझंच. अर्थ-बिर्थ काही नाही गं. जिभेला जमलं ते नाव, एवढंच लिही.

तिची मादी पिल्लं तोंडात धरून फिरते आणि तेवढे दिवस काही खात नाही. लहानपणी तू अशी एक पाहिलीस आणि पाण्यात सोडायला लावलीस, रडून नुसता उच्छाद मांडलास. मी सोडली. आता धरणात तीच तेवढी उरली. वाम नाही, मरळ नाही. जाळं मी गेल्या महिन्यात शेजारच्या वनाभाऊला देऊन टाकलं.

नंतर तू मेसेज केलास, आबा, अजून राग आहे का. जितेंद्रशी लग्न केलंस तेव्हा होता, खोटं कशाला बोलू? तो राग केव्हाच गेला. माझ्या जिभेखाली गाठ आहे, पोरी. तंबाखूने डाव साधला. गुरुवारी धुळ्याला जीभ काढणार आहेत. काढूनही फार दिवस नाहीत, असं डॉक्टरने तुझ्या आईला बाहेर नेऊन सांगितलं, पण मला ऐकू आलं. तुला कळवू नको, हे मीच तिला बजावलं. हे पत्र पोचेल तोवर गुरुवार होऊन गेलेला असेल. त्या दिवशी तुझा फोन वाजला, तेव्हा उचलण्याआधी मी तीनदा 'मयुरी' म्हणून पाहिलं. मलाच ते ओळखू आलं नाही. म्हणून गप्प राहिलो.

तुझाच,
आबा