सत्ताविसावा दात

सर, आज ठाण्याच्या सभेत मी पुन्हा तुमची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी येऊन तुम्हालाच लिहायला बसले आहे.

स्वातंत्र्य नवं होतं, मीही नवीच डॉक्टर होते. कल्याणच्या त्या लहान इस्पितळात तुम्ही मला भूल द्यायला शिकवत होता. घशात श्वासाची नळी घालण्याआधी तुम्ही रोग्याचे दात मोठ्याने मोजायचात, नळी काढल्यावर पुन्हा. मी एकदा म्हणाले, "सर, आपण बैलबाजारात आलोय का?" तुम्ही हसला नाहीत. "अगं, बैल निदान शिंग तरी मारेल. भूल दिलेला माणूस काय करणार? म्हणून मोजायचे."

मग तो मिठागरातला कामगार येतो. आतड्याला पीळ पडलेला, मान आखूड, तोंड जेमतेम दोन बोटं उघडणारं. दात सत्तावीस. घसा दाखवणारं दिव्याचं पातं तुम्ही माझ्या हाती देता. "वर उचल. दातावर टेकवू नकोस." नळी दोनदा अन्ननलिकेत जाते, त्याचे ओठ निळे पडतात, तुम्ही त्याच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा दाबून श्वास देता. तिसऱ्या वेळी मी घाबरून पातं दातावरच रेटते. कट् असा आवाज होतो. नळी बसते, पण तुम्ही मोजता तेव्हा सव्वीसच भरतात. सर्जन खेकसतात, "एका दातासाठी थांबायचं?" "तो दात फुप्फुसात उतरला तर तुमची सुरी कुणाला वाचवणार?" असं म्हणून तुम्ही चिमट्याने घसा धुंडाळता. जिभेच्या मुळाशी, रक्तात, तो सापडतो.

शस्त्रक्रिया निभावली. बाहेर त्याची बायको उभी होती. तुम्ही तळहातावरचा दात तिच्यापुढे धरलात. "माझ्या हातून मोडला. थोडे दिवस आवाजही बसेल. माफ करा." ती म्हणाली, "दात जेला तं जेला, डाक्तर. मानूस हाय ना? तसा पन लय चावरा व्हता." तुमच्या मागे उभी राहून मी हसले. "नळी मी घातली," एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही मला रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "उद्यापासून तू मोजायचे."

आता व्यासपीठावर माझा आवाज चढतो. चूक रोग्याच्या माणसांसमोर कबूल करा, असं मी डॉक्टरांना बजावते, आणि दाखला तुमचा देते. हे पत्र कपाटातच राहणार. सर, प्रत्येक भाषणात तो दात मी तुमच्या हातून मोडत आले. रविवारी कल्याणला सभा आहे. तिथेही बहुधा तुम्हीच मोडाल.