गाडीपुरती वाट

तात्यापारा, रायपूर

प्रिय यशदीप,

रविवारपासून तुझे फोन येऊन राहिले आहेत आणि मी उचलत नाही. तब्येत ठीक आहे माझी, काळजी करू नकोस. काळजीने तू फोन करत नाहीस हेही मला माहीत आहे. तुला भिलाईची खबर पाहिजे. पण फोनवर तुझ्याशी बोलणं मला जमत नाही रे. माझं वाक्य अर्ध्यावर असतं तोच पुढचं तू बोलून टाकतोस, आणि मग "ठीक है मम्मी, रखता हूँ". म्हणून लिहायला बसले. मराठी वाचायला मीच शिकवलं तुला, तुझे बाबा ड्यूटीवर गेले की पाटी घेऊन बसायचो आपण. उत्तर तू हिंदीतच देशील, तेही माहीत आहे. पत्र पोहोचायला वेळ लागेल. लागू दे. तोवर बस वाट बघत.

इकडे नवतपा लागला आहे. दुपारी बाहेर पाय ठेववत नाही, कूलरचं पाणीसुद्धा गरम येतं. नळ सकाळी एकदाच येतो, म्हणून गच्चीवरची टाकी मोठी बसवून घेतली. तुझ्या बाबांच्या फोटोला नवी काच लावली. आणि एक बातमी तुला कोणी दिली नसेल, ती मीच देते. माझी सून, पायल, माझ्याजवळ राहते. दिवाळीपासूनच. गुढियारीत तिच्या माहेरी गल्लीतल्या बाया येता-जाता विचारायच्या, "काहून गं, वापस नाही जात का?" तिचे बाबा मालधक्क्यावरून थकून यायचे आणि हेच ऐकून न जेवता झोपायचे. मी एक दिवस रिक्षा घेऊन गेले आणि तिची पेटी उचलून आणली. आता ती एका शाळेच्या ऑफिसात जाते. घरी आली की आम्ही दोघी सत्तूचं पाणी पितो आणि कूलरसमोर पाय पसरून बसतो. तुझी खोली तिला दिली आहे.

तुझ्या त्या गावात, विनिपेगला, मी आले तो तुझे बाबा गेल्यानंतरचा पहिला हिवाळा. तू म्हणाला होतास, इथे एकटी काय करशील, ये, मन रमेल. बर्फ मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, नाही तर गोळेवाल्याच्या ठेल्यावर. पहिल्या सकाळी खिडकीतून सगळं पांढरं दिसलं तेव्हा मी लहान पोट्टीसारख्या टाळ्या वाजवल्या. पायल बाजूला उभी होती. हसली आणि म्हणाली, "आई, अजून तुम्हाला तो उचलायचा नाही आहे ना, म्हणून."

मग कळलं मला. रस्त्यापासून गॅरेजपर्यंत तुझी ती गाडीची वाट, ड्राइव्ह-वे म्हणता तुम्ही. रात्री भरायची, सकाळी मोकळी करायची, दुपारी पुन्हा भरायची. सुका बर्फ रव्यासारखा हलका, फावड्याने सरसर जातो. ओला बर्फ भिजवलेल्या कणकेसारखा, उचलला की खांदा बोलतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नगरपालिकेची ती मोठी गाडी. रस्ता साफ करत जाते आणि रस्त्याचा सगळा कचकच बर्फ प्रत्येकाच्या वाटेच्या तोंडाशी ढकलून देते. तो थोड्याच वेळात दगड होतो. पायल बेकरीत सकाळच्या पाळीला जायची. त्याआधी उठून तुझी गाडी निघेल एवढी वाट करून ठेवायची. तू गरम गाडीत बसून निघायचास, आणि ती बसस्टॉपपर्यंत गुडघाभर बर्फातून पाय उपसत जायची, कारण तिच्यापुरती वाट करायला वेळ उरायचा नाही. मी विचारलं तुला, "तू काहून नाही करत?" तू म्हणालास, तुझी कंबर दुखते. संध्याकाळी जिमची बॅग घेऊन निघालास. शेजारच्या म्हातारीकडे बर्फ उडवायचं यंत्र होतं. ती बिचारी स्वतःहून विचारायला आली, तर हसत "नो, नो" करून तिला वाटेला लावलंस आणि आत येऊन म्हणालास, "एहसान नहीं लेना किसी का." पायलचे एहसान तुला कधी दिसले नाहीत. मग मीही तुझ्या बाबांची माकडटोपी घालून तिच्यासोबत जायला लागले. तू एकदाही म्हणाला नाहीस की मम्मी, आप रहने दो.

आता त्या शनिवारचं. तू विसरला असशील, किंवा लोकांना सांगता सांगता तुझ्या मनात त्याचं दुसरंच काही झालं असेल. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

तुझ्या साहेबांचं कुटुंब दुपारी जेवायला येणार होतं. पायलने आदल्या दिवशीच पनीर, पुलाव, सगळी तयारी करून ठेवली होती. सकाळपासून वादळ सुरू झालं. आम्ही दोघींनी वाट साफ केली, आत आलो, परत भरली, परत गेलो. तिचे हातमोजे पिळून पाणी निघत होतं, म्हणून मीच ते हीटरवर वाळत घातले. मग मी खाली तळघरात कपडे धुवायला गेले. तेवढ्यात ती मोठी गाडी येऊन गेली, वाटेच्या तोंडाशी कंबरेएवढा बांध करून. आणि साहेबांचा फोन आला की रस्ते खराब आहेत, येत नाही. वादळ तुला दिसत होतं, यशदीप. पण राग काढायला तुला माणूस लागतं. पायलने मला नंतर सांगितलं, तू तिला म्हणालास, "सामने का मुँह साफ होता तो आ जाते वो लोग. जब तक साफ नहीं होता, अंदर मत आना." ती जाकीट घालत होती तोवर तू तिला बाहेर केलंस आणि कडी लावलीस. हातमोजे हीटरवरच होते.

मी वर आले तर तू सोफ्यावर पाय घेऊन क्रिकेट बघत होतास. "पायल कुठं आहे?" विचारलं. टीव्हीवरून नजर न काढता म्हणालास, "बाहर. काम कर रही है." मी खिडकीशी गेले. काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं घोंघावत होतं. मधूनच तिचं लाल जाकीट दिसायचं आणि जायचं. मी दाराकडे गेले तर तू उठून आडवा उभा राहिलास. माझ्या पोटचा पोट्टा, माझ्यापेक्षा हातभर उंच. म्हणालास, "मम्मी, आप बीच में मत पड़ो." तुझ्या आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. मी मागे वळले, गॅरेजच्या दाराने गेले, पायात घरच्याच चपला होत्या.

ती त्या बांधाशी गुडघ्यांवर बसली होती. फावडं बाजूला पडलेलं, त्याची मूठ तिला धरवत नव्हती, म्हणून उघड्या हातांनी बर्फ ओढत होती. मी हाक मारली तर वर बघून म्हणाली, "झालंच आई, थोडंच राहिलं." तिची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. मी तिला उठवून आणलं, तर गॅरेजचंही दार आतून बंद केलेलं. मी दार बडवलं. तुझं नाव घेऊन ओरडले. घरातून टीव्हीचा आवाज येत होता. शेवटी शेजारच्या म्हातारीला आम्ही दिसलो. ती तशीच घरच्या गाऊनवर धावत आली आणि पायलला दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या घरात घेऊन गेली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. पण ती तुझ्या घराकडे बघून जे बोलली ते मला समजलं. तिनेच ॲम्बुलन्स बोलावली.

दवाखान्यात तू आलास, चेहरा छान काळजीचा करून. नर्सने मला विचारलं काय झालं. मी रडत रडत सगळं सांगितलं, की यानं तिला बाहेर काढलं, कडी लावली, मी दार बडवलं तरी उघडलं नाही. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून ते तिला इंग्रजीत सांगितलंस. नर्सने माझा हात थोपटला. मला वाटलं, चला, कोणीतरी ऐकलं. पायल पलंगावर औषधाच्या गुंगीत पडून होती, पण तिने तुझं इंग्रजी ऐकलं होतं. घरी आल्यावर तिने मला सांगितलं तू काय म्हणाला होतास ते. माझी आई सांगते, सून फार हट्टी आहे, कितीदा समजावलं तरी हातमोजे घालत नाही. माझ्या तोंडचे शब्द, यशदीप! मी रडत होते आणि तू माझ्याच रडण्याने तिच्यावर आळ घेतलास.

तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. बर्फ वितळला तसं तू आम्हा दोघींना विमानात बसवून दिलंस, तिला "आराम" करायला. मग तिचे फोन उचलणं बंद केलंस. मग तुझ्या वकिलाकडून घटस्फोटाचे कागद आले आणि तिने मुकाट सही केली, डाव्या हाताने. इथवर मी गप्प होते, कारण तिने माझ्याकडून तसं वचन घेतलं होतं. म्हणायची, "जाऊ द्या आई, सुटले मी." पण तू तिला सुटूही दिलं नाहीस. या बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटत होते, तर मागे दोघी बोलत होत्या, की ती तिकडे कोणासोबत तरी होती म्हणे, म्हणून पोराने सोडली. मी वळून विचारलं, कोणी सांगितलं? "आपके बेटे ने ही तो बताया हमारे दामाद को." मी खिरीची वाटी तशीच खाली ठेवली आणि निघाले. घरी येऊन मी पायलला सांगितलं की तुला दिलेलं वचन आज मी मोडून राहिली आहे. ती बराच वेळ साडीच्या पिनेशी झटत उभी होती. त्या बोटांनी तिला पिन अजून लागत नाही, मीच लावून देते. मग म्हणाली, "मोडा."

आणि बघ, त्याच आठवड्यात तुझा फोन आला. "मम्मी, भिलाई में एक लड़की है, अनुश्री. उसके पापा, मेश्राम अंकल, प्लांट में हैं. आप जाकर बात पक्की कर आओ, मैं दिसंबर में आता हूँ." मी हव म्हटलं. इतक्या लवकर मी कधी तुला हव म्हटलं नव्हतं. तुला शंका यायला पाहिजे होती.

तर भिलाईची खबर अशी. गेल्या शनिवारी मी पेढे घेऊन गेले. माणसं फार चांगली आहेत. मेश्रामबाईंनी मोबाईलवर तू पाठवलेला फोटो दाखवला. पांढऱ्या घरासमोर, साफ केलेल्या वाटेवर, हातात फावडं घेऊन तू हसत उभा. त्या कौतुकाने म्हणाल्या, "इतकं शिकून पण कष्टाची लाज नाही पोराला." मग माझ्या बाजूला बसलेल्या मुलीकडे बघून विचारलं, "आणि ही तुमची मुलगी का?" मी म्हणाले, "ही माझी सून. हा फोटो हिनेच काढला आहे. ती वाटही हिनेच साफ केली होती." मग मी सांगितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आपल्या बोलीत, एकही शब्द कोणाच्या हाती न देता. मेश्रामसाहेब उठून बाहेर व्हरांड्यात गेले. अनुश्री मात्र हलली नाही. तिने पायलचा हात बघितला आणि एवढंच विचारलं, "दीदी, फिर दरवाज़ा कब खोला उन्होंने?" पायल म्हणाली, "खोला ही नहीं." त्यानंतर त्या घरात तुझं नाव कोणी घेतलं नाही. मेश्रामबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, अनुश्री स्टेशनपर्यंत पोहोचवायला आली. मी रडेन असं पायलला वाटत होतं. मी प्लॅटफॉर्मबाहेरच्या ठेल्यावर दोन प्लेट गुपचुप, नागपूरवाले पाणीपुरी म्हणतात ते, खाल्ले, तिखट सांगून.

तू सगळ्यांना विचारून राहिला आहेस म्हणे, की मेश्रामांचे कान कोणी भरले, त्याला बघून घेईन. म्हणून हे पत्र लिहिलं, उगीच दुसऱ्या कोणावर तुझा संशय नको. मी भरले. पुढेही भरीन. दुर्गमध्ये बघ, नागपूरला बघ, गोंदियाला बघ, मुलगी कोणाचीही असो, आपल्या समाजात पत्ता मिळायला मला वेळ लागत नाही. पायलच्या शाळेला शनिवारी अर्धी सुट्टी असते. आणि माझी तब्येत, सांगितलं ना, अगदी ठीक आहे.

तुझीच,
आई