अनुयाचं घर विक्रीला

२० फेब्रुवारी २००७, मंगळवार

चायनीज न्यू इयरची सुट्टी. मंडळातली मीनल आली होती. तिला लेकीचं, अनुयाचं विलायतेतलं गाव दाखवावं म्हणून कॉम्प्युटरवर ‘अपर हेलबरी’ टाकलं. चर्च आलं, नदी आली, आणि खाली – अनुयाचं घर. तेच लाल विटांचं, पांढऱ्या फाटकाचं. वर लिहिलेलं, ‘विकणे आहे’.

मीनल म्हणाली, “अगं, हे तर तुमच्या अनुयाचं!”

“हो, आणखी मोठं बघताहेत,” मी म्हटलं. खोटं इतकं पटकन सुचतं मला!

२१ फेब्रुवारी

विश्वास म्हणतो, “तिलाच विचार ना, आपलीच लेक आहे.” नाही विचारणार. दर रविवारी अर्धा तास बोलते, तेव्हा सांगायला काय झालं होतं?

चार वर्षं झाली त्यांनी घर घेतल्याला. मी अजून उंबरठा ओलांडलेला नाही. आधी स्वयंपाकघराचं काम चालू होतं, मग विश्वासला रजा मिळेना. गेल्या वर्षी तीच म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी या, निवांत.” मी मात्र इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या या फ्लॅटमध्ये बसून मनानं तिथे राहून आले. सकाळचा चहा मागच्या बागेत. वरची कोपऱ्यातली खोली आमची. ती आता भलत्याच कुणाची होणार. फार जायचं होतं मला तिथे. फार.

२३ फेब्रुवारी

आज वेडेपणा केला. एजंटला मेल पाठवली. नीता गोगटे, सिंगापूर, घर घ्यायची इच्छा आहे, सगळे फोटो पाठवा. माहेरचं नाव तीस वर्षांनी कामाला आलं. जायला नाही मिळालं, निदान बघू तरी.

२५ फेब्रुवारी, रविवार

अनुयाचा फोन. मोबाइलवरूनच, हल्ली नेहमीसारखा. थंडी आहे म्हणाली. पोहे करत होती.

“घर काय म्हणतंय?”

“आहे तसंच.”

मग विश्वासच्या गुडघ्याबद्दल विचारत बसली. जावईबापू कुठायत विचारलं, तर “प्रबोध झोपलाय.” तिकडे दुपारचे बारा वाजलेले.

२७ फेब्रुवारी

फोटो आले, चौदा. एकेक उघडायला वेळ लागतो, मी पदर खोचून बसले. दिवाणखाना केवढा! आमचा अख्खा फ्लॅट मावेल. शेकोटी, मोठी खिडकी. अनुयाची पुस्तकं मात्र कुठेच नाहीत. कोपऱ्यातली खोली रिकामी.

अकराव्या फोटोत जिना. जिन्याखाली बुटांशेजारी पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं पार्सल. माझंच. माझे टाके मी ओळखणार नाही? पोस्टातली बाई दरवर्षी हसते, इथे कुणी कापडात शिवून पाठवत नाही म्हणते. मी शिवते. आईही शिवायची.

फराळाचं पार्सल. ऑक्टोबरात पाठवलेलं. एक टाका उसवलेला नाही.

दिवाळीला फोनवर म्हणाली होती, “चकल्या काय मस्त झाल्यात आई, प्रबोधनं निम्म्या संपवल्या.”

एजंटनं खाली लिहिलंय: मालकीणबाई सप्टेंबरातच दुसरीकडे गेल्या, सध्या साहेब एकटे राहतात, त्यामुळे केव्हाही बघायला या.

२८ फेब्रुवारी

विश्वासला दाखवलं. चष्मा पुसत बसला.

१ मार्च

हार्बरफ्रंटला ऑफिसात पोचला आणि लगेच त्याचा फोन. “तू तिला रागावू नकोस.” रागावले आहेच. पण तिच्यावर नाही. ज्याला-त्याला त्या घराचे फोटो दाखवत हिंडले मी. मंडळात, भिशीत. माझ्या लेकीचं पाच खोल्यांचं घर, माझ्या लेकीची बाग. मग तिनं कोणत्या तोंडानं सांगायचं होतं मला? सहा महिने कुठे पोहे करून खातेय कोण जाणे. आणि मी वरच्या खोलीला पडदे कुठले लावायचे ते ठरवत होते.

४ मार्च, रविवार

तिचा फोन यायच्या आत मीच केला. घराचं नावही काढलं नाही. म्हटलं, “अनू, तुझा नवा पत्ता सांग.”

आधी रडली, मग सांगितला. “येतेय मी,” म्हटलं. उद्या व्हिसाचे कागद देणार.

“आई, एकच खोली आहे गं. खाली झोपावं लागेल तुला.”

झोपेन, म्हटलं.