धुरीची खोली

३ मे
आजपासून मी मुकादम! सुक्या जर्दाळूंचा कारखाना, हाताखाली सात बायका. अर्धे केलेले जर्दाळू ट्रेमध्ये मांडून धुरीच्या खोलीत रचायचे, दार लावायचं आणि बाहेरच्या भट्टीत गंधक जाळून त्याचा वायू नळीने आत सोडायचा. त्याने फळाचा सोनेरी रंग टिकतो. माणसाच्या डोळ्यांत, छातीत मात्र त्याचं आम्ल होतं. म्हणून आत जाणारी आपला पत्र्याचा बिल्ला दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवते. खिळा रिकामा असेल तरच दार लावायचं. सगळ्यांत जुन्या मावशी बाहेर आल्यावर बिल्ला काढायला हमखास विसरतात. मी चिडवलं, तर म्हणाल्या, एक दिवस माझं डोकंच खिळ्याला राहील. हसता हसता पुरेवाट झाली.

११ मे
लिहायचीही लाज वाटते. काल खिळ्याला मावशींचा बिल्ला होता. पुन्हा विसरल्या, असं समजून मी तो खिशात टाकला, दार लावलं, भट्टी पेटवली आणि सगळ्यांबरोबर जेवायला गेलो. मावशी आत मागच्या रांगेत होत्या. उघडलं तेव्हा दाराला टेकून —
मालकांना सांगितलं, खिळा रिकामा होता. बिल्ला गटारात टाकला. आता सगळे म्हणतात, मावशीच वेंधळ्या. मीही मान डोलावली.

१६ मे
बिल्ले बंद. आता बाहेर आलेल्या बायका मी मोजायच्या. मावशींच्या जागी त्यांची लेक लागली आहे. आईच्या चुकीमुळे तुम्हाला त्रास झाला, म्हणून तिने माझीच माफी मागितली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही.

१९ मे
धुरी सुरू असताना दारावर आतून ठकठक. धावत उघडलं. कुणी नाही. डोळे भाजले, श्वास अडकला. सातही जणी बाहेरच होत्या, कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. लेकीने पाणी आणून दिलं. तिच्याकडे बघवेना.

२२ मे
रोज ठकठक. रोज उघडतो. रोज रिकामी. मालक म्हणाले, आणखी एक खेप वाया गेली तर घरी बसा.

२५ मे
आता उघडत नाही. वही घेऊन दाराशी बसतो, हात जोडतो. मावशी, उद्या खरं सांगेन. मोजतानाही लेकीच्या तोंडाकडे बघायची हिंमत नाही. खाली मान घालून सात म्हणतो — दार लावतो.

२८ मे
ठकठक. नाही उघडणार. मावशी, उद्या नक्की —
आज जोरात. दोन्ही हातांनी.
खोकला. मावशी कधी खोकल्या नव्हत्या —
अंगणात बायका जेवायला बसल्यात. दोन, चार, सहा —