दुसऱ्या ग्रहावरची आपली चिंधी

प्रिय निकेश,

पत्र टाळत होतो, खोटं कशाला सांगू. राजुऱ्याला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होतो, तेव्हा हात काळे म्हणून नाही लिहिलं. मग सिरोंच्याला मासे भरायला गेलो. तिथला मालक तेलुगूत शिव्या द्यायचा, त्या शिकण्यात दिवस गेले. झकास आहेत, भेटलास की ऐकवीन. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझं भांडण विरघळतं. आणि मला भांडायचंय.

मोहाची फुलं वेचायला गावी आलोय. तू लिहिलेली ती अंतराळाची मालिका बहिणीच्या फोनवर पाहिली. करिश्मा म्हणाली, "दादा, हे दोघं जोडी आहेत का?" मी म्हटलं, "यानात जागा कमी आहे, म्हणून चिकटून बसून राह्यले." ती म्हणाली, "मले येडी समजतं का?" आणि पुढचा भाग लावला. यानातली सगळी माणसं जेवतायत आणि हे दोघं हातात हात घालून बसलेत. कोणी लग्नाचं विचारत नाही, कोणी हसत नाही. आपण तर एसटीतसुद्धा मधे पिशवी ठेवून बसायचो.

बरं वाटलं, खरंच. पण तो वैमानिक झालेला पोरगा! दात काय, केस काय! सुपारी-तंबाखूचा खर्रा जन्मात पाहिला नसेल. त्याच्यापायी मी खर्रा सोडला, पुन्हा धरला. आणि माझं वाक्य त्याच्या तोंडी? "जाऊन त पाहू, परत येता येते." हे मी तुला म्हटलं होतं, नाल्यावर, ओल्या चड्डीत. त्याला ते शिकवताना तू किती जवळ बसला होतास?

तेही गिळलं असतं. पण त्या जांभळ्या ग्रहावर तो झाडाला चिंधी बांधतो. शहरातल्यांना नुसतं सुंदर वाटलं असेल. आपल्या गावात ज्या मोहाला चिंधी, त्याखालचं फूल दुसरा उचलत नाही. हक्क सोडायचा तर गाठ सोडायची. नाल्याकाठच्या मोहाला तुझ्या निळ्या शर्टाची चिंधी दोघांनी मिळून बांधली, घरी सांगितलं की भागीदारी आहे. आणि तुझ्या मालिकेत त्याचा जोडीदार, तो चष्मेवाला, अगदी तुझ्यासारखा, निघताना गाठ सोडून चिंधी खिशात घालतो. आठवण म्हणे! तू विसरलास, का मुद्दाम लिहिलंस?

एवढंच विचारायला हे पत्र. आपली चिंधी अजून झाडावर आहे, रंग उडालाय. सोडायची असेल तर ये आणि स्वतःच्या हातानं सोड. त्या दातवाल्याला पाठवू नको.

थांब, दारात कोणीतरी आलंय. तुझे बाबा! लटारूभाऊ, आपलं कळल्यापासून आमच्या अंगणात पाय न ठेवलेले. शेजारच्या प्रफुलच्या फोनवर त्यांनी सगळी मालिका पाहिलीय म्हणे. मी कागद झाकला, तर म्हणाले, "त्यालेच लिहून राह्यला ना? मंग लिही. गाठ काऊन सोडली म्हणा? पोट्टा चुकला तिथी." आता विचारतायत, कुठी बसू.

तुझाच, अजून तरी,
श्रावण